दोन रेघांमधलं तेल

पहूरच्या फाट्यावर उभं राहिलं की चारी दिशांना रस्ते फुटतात. एक जळगावला, एक जामनेरला, एक शेंदुर्णीवरून पाचोऱ्याला आणि एक वाकोद-फर्दापूर करत अजिंठ्याच्या घाटाला. पहूर पेठ आणि पहूर कसबे अशी दोन गावं एका नावात नांदतात, आणि अजिंठ्याच्या लेण्यांच्या दरीतून निघालेली वाघूर इथून पुढे तापीच्या ओढीने जाते. एवढे रस्ते जिथे मिळतात तिथे चहाची टपरी, पंक्चरवाला आणि गॅरेज या तीन गोष्टी कुणी न पेरता उगवतात. आमच्या मिस्तरींचं गॅरेज त्यातलंच. चार पत्रे, एका निंबाची सावली, आणि खालची माती इतकी ऑईल प्यालेली की पावसाळ्यातही तिथे चिखल होत नाही.

त्या निंबाखाली २००१ च्या मे महिन्यात मिस्तरींनी मला एक प्रश्न विचारला. पोरांना प्रश्न विचारण्यात माझी नोकरी गेली. पण उत्तर येत नसलं की उभ्या राहिलेल्या पोराला आतून काय होत असेल, ते मला त्या दिवशी कळलं.

झालं असं की, मी जळगावहून परतत होतो. दुपारचे दोन. आमच्याकडचा मे ज्याने काढला आहे त्याला पारा ४५ वर गेला म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, आणि ज्याने काढला नाही त्याला सांगून उपयोग नाही. डोक्याला पांढरा रुमाल गुंडाळलेला, रस्त्यावर चिटपाखरू नाही. नेरी मागे पडली आणि इंजिनाच्या डोक्यातून बारीक टकटक येऊ लागली, कुणी अडकित्त्याने सुपारी कातरत असावं तशी. एखादा नट ढिला झाला असेल, म्हणून मी कानाआड केलं. मग गाडी ओढेना. मूठ पिळतोय आणि वेग उतरतोय. आणि एका क्षणी मागच्या चाकाने जागच्या जागी धरलं. क्लच दाबायचं कसं सुचलं देव जाणे. गाडी पाच-सात हात घसरत गेली आणि उभी राहिली. किक मारून पाहिली. दगडावर टाच आपटावी तसा पाय परत आला.

केळी उतरवून रिकामा परतणारा एक टेम्पो मिळाला म्हणून गाडी आणि मी दोघंही पहूरला पोचलो. मिस्तरींनी इंजिनाला हात लावला नाही. प्लग काढला नाही, किकही मारून पाहिली नाही. गाडी डबल स्टँडवर घेतली, उजव्या अंगाचं ऑईलचं झाकण फिरवलं आणि त्याला चिकटलेली पट्टी बाहेर ओढून माझ्या डोळ्यांसमोर धरली. पट्टीवर दोन रेघा असतात, वरची आणि खालची. ऑईल त्या दोघींच्या मध्ये असायला हवं. माझ्या पट्टीच्या अगदी टोकाला, खालच्या रेघेच्याही खाली, काळा ठिपका होता. काजळाची तीट लावावी एवढा.

"गुरुजी, ऑईल कधी पाह्यलं होतं?"

"बदललं होतं ना. दिवाळीत."

"बदल्याचं नाही इचारत मी. पाह्यलं कधी?"

पाहिलं नव्हतं. कधीच नव्हतं. गाडी घेतल्याला तीन वर्षं होत आली होती आणि ते झाकण फिरवल्यावर त्याला खाली पट्टी असते, हेही मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहत होतो.

माझ्या बाजूने थोडं बोलून घेतो. पेट्रोलचं तसं नसतं. त्याला काटा असतो, काटा बिघडला तर टाकी हलवून आवाज ऐकता येतो, झाकण उघडून आत डोकावता येतं, आणि सगळं चुकलं तरी रिझर्व्ह असतं. पेट्रोल संपलं तर गाडी बंद पडते; पेट्रोल टाकलं की चालू होते. जणू काही झालंच नाही. ऑईलला माझ्या गाडीत ना काटा, ना दिवा, ना आवाज. चारचाकीच्या डॅशबोर्डावर ऑईलचा लाल दिवा असतो. शंभर सीसीच्या गाडीला तेवढंही कुणी दिलेलं नाही. जी काही सूचना आहे ती त्या पट्टीवर, आणि पट्टी इंजिनाच्या पोटात. ती आपणहून बाहेर येऊन सांगणार नाही.

आणि काळच तसा होता. १९८५ साली हिरो होंडाची सीडी-१०० आली तेव्हा तिची जाहिरात तीन वाक्यांत गाडीचं वर्णन करायची: फिल इट, शट इट, फर्गेट इट. टाकी भरा, झाकण लावा, विसरून जा. जाहिरात पेट्रोलबद्दल बोलत होती आणि ते काही खोटं नव्हतं. लिटरमागे ऐंशी किलोमीटरच्या गोष्टी तेव्हा गावोगाव ऐकू यायच्या. पण तिसरं वाक्य आम्हाला इतकं आवडलं की आम्ही ते पेट्रोलपुरतं ठेवलं नाही. मी घेतलेली गाडी कुणाची का असेना, जातीने तीच होती, शंभर सीसी, चार स्ट्रोक. मी तिला विसरण्याच्या अटीवरच घरी आणली होती.

माझ्या आधीच्या दोन पिढ्यांना ही सोय नव्हती.

आजोबांची बैलगाडी होती. तिच्या साटीखाली बांबूचं एक नळकांडं टांगलेलं असायचं, त्यात वंगण आणि एक काडी. वंगण म्हणजे एरंडेल आणि चिंध्या यांचा काळाकुट्ट लगदा. आस आणि चाक यांच्यामध्ये तो बसवायचा. आजोबा गाडीवर बसले की अर्धा कान चाकाकडे असायचा. "चाक बोलाले लागलं," म्हणायचे आणि उतरायचे. बैलगाडीची एक गोष्ट फार चांगली होती: वंगण संपलं की ती सगळ्या शिवाराला ओरडून सांगायची. वंगणावाचून गाडी हाकणाऱ्याची अब्रू अर्ध्या कोसावरून ऐकू यायची.

हे एरंडेल आमच्याच गाडीपुरतं नव्हतं. लंडनच्या चार्ल्स वेकफिल्ड यांच्या कंपनीने १९०९ साली मोटारी आणि विमानांसाठी जे नवं तेल काढलं त्यात एरंडेल होतं, आणि एरंडाच्या इंग्रजी नावावरूनच त्यांनी त्याला कॅस्ट्रॉल म्हटलं. पहिल्या महायुद्धातल्या विमानांची फिरती इंजिनंही एरंडेलावर चालत आणि ते सतत बाहेर फेकत. वैमानिकांच्या तोंडावर त्याचा फवारा यायचा. त्यांच्या पोटाचं काय होत असेल ते लहानपणी आईने पहाटे नाक दाबून एरंडेल पाजलेल्या कुठल्याही मराठी माणसाला विचारावं.

वंगण घालण्यासाठी थांबावं लागतं, ही सगळ्या चाकांची जुनी अडचण. आमच्या पहूरवरून पाचोरा-जामनेर ही अडीच फुटी रुळांची गाडी जायची, पीजे म्हणत तिला. पहिलं महायुद्ध संपता संपता सुरू झालेली ही गाडी मार्च २०२० च्या टाळेबंदीत थांबली आणि मग निघालीच नाही. आता तिच्या जागी मोठ्या रुळांचं काम चाललं आहे. वडील सांगायचे, कोळशाचं इंजिन होतं तेव्हा स्टेशनात गाडी उभी राहिली की इंजिनवरचा माणूस लांब चोचीची तेलाची कॅन घेऊन खाली उतरायचा, जागोजागी चोच खुपसायचा आणि हाताच्या पालथ्या बाजूने लोखंडाला ताप आहे का ते पाहायचा. आजारी पोराच्या कपाळाला हात लावतात, तसा. पुढे कधीतरी वाचनात आलं की अमेरिकेत एलायजा मकॉय नावाच्या माणसाने ही पायपीट वाचवणारं यंत्र काढून १८७२ साली त्याचं पेटंट घेतलं. आईबाप गुलामगिरीतून पळून कॅनडात गेलेले, तिथे हा जन्मला. एडिंबरोला जाऊन इंजिनिअरिंग शिकून आला, पण काळा म्हणून रेल्वेने काम दिलं ते कोळसा टाकायचं आणि तेल घालायचं. रोज वाकून तेल घालणाऱ्यानेच वाकावं लागू नये अशी युक्ती काढली. चालत्या इंजिनाला आपोआप तेल पोचू लागलं. माझ्या गाडीच्या पोटात जो ऑईलपंप आहे, ज्याच्या भरवशावर मी तीन वर्षं काही न पाहता फिरलो, तो मला त्या मकॉयच्याच भाऊबंदांतला वाटतो. फक्त पंपाला तेल उचलता येतं, आणता येत नाही. खाली असेल तरच तो वर पोचवणार.

घरातलं दुसरं तेल आजीकडे होतं. तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावायच्या आधी ती दिव्यात बोट बुडवून पाहायची आणि बोट केसांना पुसायची. रात्री जेवणं झाली की पुन्हा म्हणायची, "दिव्यात तेल पाह्य रे." दिवा विझला म्हणायची सोय नव्हती, तेल सरून दिवा गेला तर तिला रुखरुख लागायची. दिव्याचं तेल जळण्यासाठीच असतं. ते किती जळतं आहे ते ज्योतच सांगते, खोलीतल्या सगळ्यांना. गाडीच्या आसाचं वंगण मात्र जळण्यासाठी नसतं, ते नुसतं मध्ये बसून राहतं, कुणाला दिसत नाही. लहानपणी घरात ही दोन तेलं वेगवेगळी होती आणि दोन वेगवेगळी माणसं त्यांच्याकडे पाहत होती.

वडिलांच्या काळात या दोन तेलांची सरमिसळ झाली. त्यांची लूना. फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली काढलेली ही सायकलवजा गाडी आमच्या भागात घरोघर पोचली होती. दूधवाल्यांकडे राजदूत आणि तालेवारांकडे येझदी. ही सगळी टू-स्ट्रोकची मंडळी. त्यांच्या इंजिनात ऑईल वेगळं साठत नाही. ते पेट्रोलमध्येच मिसळायचं आणि पेट्रोलबरोबर जाळायचं. पंपावर टू-टी ऑईलचं वेगळं यंत्र उभं असायचं, दांडा मारला की मापभर ऑईल यायचं. "एक लिटर, ऑईल मारून" हे वाक्य वडील इतक्या वेळा म्हणाले असतील की ते झोपेतही म्हणू शकले असते. म्हणजे वंगण आता दिव्याच्या तेलासारखं झालं. जळायचं, धूर व्हायचा आणि दर खेपेला नवं घ्यायचं. पाहायची गरजच उरली नाही, कारण विकत घेणं हेच पाहणं होतं.

याचा एक परिणाम झाला तो माझ्या फार उशिरा ध्यानात आला. आमची पिढी त्या निळसर धुरात वाढली. लूनाचा गोडसर जळका वास म्हणजे वडील घरी आले. चेतकचा धूर म्हणजे मामा आले. सायलेन्सरमधून निळा धूर निघणं हे आमच्या लेखी गाडीच्या जिवंतपणाचं लक्षण होतं. पुढे धुराचे नियम कडक झाले, टू-स्ट्रोक मोटरसायकली गेल्या, चार स्ट्रोकच्या आल्या. आणि त्यांच्यात नेमका हाच निळा धूर म्हणजे दुखणं. ऑईल जिथे जाऊ नये तिथे जाऊन जळतंय, असं तो सांगतो. पण ज्यांच्या नाकाला तो वास बापाचा म्हणून ओळखीचा, ते त्याला दुखणं कसं म्हणतील? कितीतरी इंजिनं या नाकापायी गेली असतील.

असो. निंबाखालच्या दुपारकडे परत जातो. मिस्तरींनी गाडीखाली हात घातला, ऑईल सोडायच्या नटाभोवती बोट फिरवलं आणि बोट मला दाखवलं. वॉशर गेलं होतं. थेंब थेंब गळत होतं. दिवाळी ते मे, रोजचे चाळीस-पन्नास किलोमीटर, त्यात हे गळणं. "अंगणात डाग दिसत नव्हता का?" दिसत होता. मला नाही, बायकोला. रोज सडा टाकताना ती म्हणायची, "अहो, तुमच्या गाडीखाली काळं पडतंय." त्यावर मी काय केलं? गाडीखाली रिकामं पोतं टाकलं. डाग दिसायचा बंद झाला.

पुढचं पटकन सांगून टाकतो, कारण ते ज्याचं त्याने भोगलेलं असतं. ऑईल कमी झालं तर आधी उपासमार होते ती सगळ्यात उंचावर बसलेल्या कॅमशाफ्टची. ती टकटक त्याची होती. मग पिस्टन तापून फुगतं आणि सिलिंडरला धरतं, मिस्तरी त्याला सीज म्हणतात. जळगावला लेथवर बोअर केलं, नवं मोठं पिस्टन, नव्या रिंगा, रॉकर. खर्चाचा आकडा लिहीत नाही. महिन्याच्या पगाराशी त्याचं जवळचं नातं होतं एवढं पुरे. दहा रुपयांच्या आतल्या वॉशरसाठी.

इंजिन बांधून झाल्यावर मिस्तरींनी मला उकिडवं बसवलं आणि शिकवलं. जन्मभर शिकवणाऱ्या माणसाला शिकणं अवघड जातं, त्यात त्यांची पद्धत पट्टीने शिकवायची. गाडी सपाट जागेवर, डबल स्टँडवर, सरळ. साइड स्टँडवर तिरकी गाडी ठेवून पाहिलं तर ऑईल एका कुशीला जातं आणि पट्टी खोटं बोलते. इंजिन तीन-चार मिनिटं चालवायचं, बंद करायचं, आणि मग दोन-तीन मिनिटं थांबायचं, वर चढलेलं ऑईल खाली उतरेपर्यंत. ही दोन-तीन मिनिटंच माणसाला जड जातात. मग पट्टी काढायची, स्वच्छ फडक्याने पुसायची, पुन्हा घालायची. पण माझ्या गाडीत झाकण पिळायचं नाही, नुसतं टेकवायचं. पिळलं की पट्टी खोल जाते आणि ऑईल आहे त्याहून जास्त दिसतं. बाहेर काढायची, आडवी धरायची, पाहायचं. "जास्तीही टाकायचं नाही बरं," ते म्हणाले. वरच्या रेघेच्या वर गेलं तर ऑईलला फेस येतो, ब्रीदरच्या नळीतून ते एअर फिल्टरात जातं. आमच्याकडे पाहुण्याच्या ताटात तूप वाढताना हात आखडला तर माणूस कंजूस ठरतो. त्या सवयीने इंजिनात ओतू नये.

रंगाचंही त्यांनी सांगितलं. ऑईल काळं झालं म्हणजे वाईट झालं असं नाही. आतली काजळी ते स्वतःवर घेतं म्हणून काळं होतं, ते त्याचं कामच आहे. दोन बोटांत घासून पाहायचं. कचकच लागली तर माती गेली. ताकासारखं पांढुरकं दिसलं तर पाणी गेलं. पातळ होऊन पेट्रोलचा वास आला तर पेट्रोल उतरतंय. ते बोट चाखून पाहत नाहीत एवढंच. नाहीतर वैद्याच्या नाडीपरीक्षेत आणि यात मला फरक दिसला नाही.

ऑईलच्या बाटलीवरची भाषा मी नंतर स्वतः शिकलो. १०डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू हा विंटरचा, म्हणजे हिवाळ्याचा. पहिला आकडा थंडीत ऑईल किती वाहतं त्याचा, दुसरा शंभर अंशाला तापल्यावर त्याचा दाटपणा किती टिकतो त्याचा. पहूरच्या मे महिन्यात बाटलीवर हिवाळा वाचताना गंमत वाटते. आणि माझ्यासारख्या गाड्यांसाठीची बाटली चक्क ९०० मिलीची मिळते, कारण सोडून भरताना तेवढंच लागतं. पाण्याच्या बाटलीपेक्षा कमी. या नऊशे मिलीत इंजिन, गिअर आणि क्लच अशी तीन बिऱ्हाडं राहतात. चारचाकीत गिअरचं तेल निराळं. मोटरसायकलचा क्लच बहुधा त्याच ऑईलमध्ये बुडालेला असतो. म्हणून मोटारीचं जादा गुळगुळीत करणारं ऑईल यात टाकलं तर क्लचच्या प्लेटा घसरू शकतात. जपान्यांनी यासाठी जासो एमए अशी वेगळी खूणच ठरवली आहे, ती बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत असते. आमच्याकडे मात्र ट्रॅक्टरच्या डब्यातलं उरलेलं ऑईल मोटरसायकलला ओतणारे शेतकरी कमी नाहीत. त्यांना मी काही बोलत नाही. डब्यात उरलं आहे आणि गाडीला हवं आहे, तर फेकायचं कसं, हा त्यांचा हिशेब मला कळतो. जळकं ऑईलसुद्धा इथे कुणी टाकत नाही. सेंट्रिंगच्या प्लेटांना, दाराच्या बिजागऱ्यांना, वाळवी लागलेल्या खांबाला ते जातं. विहिरीजवळ किंवा नाल्यात ओततात तेव्हा मात्र मला राग येतो.

याच रस्त्यावरच्या वाकोदचे भवरलाल जैन. त्यांनी १९६३ साली सात हजारांच्या घरच्या पुंजीवर धंदा सुरू केला तो रॉकेल विकण्याचा. पुढे त्यांचं नाव ठिबक सिंचनाच्या पाण्याशी जोडलं गेलं, तेलाचं लोक विसरले. मला मात्र ती नळी पाहिली की वाटतं, थेंबाचा हिशेब करायची सवय तेल विकणाऱ्यालाच आधी लागली असावी. हा आपला माझा तर्क.

त्या मेनंतर दर रविवारी मी ऑईल पाहू लागलो. वही घातली. तारीख, किलोमीटर, आणि पुढे एक शब्द: वर, मध्ये, खाली. कित्येक वर्षं त्या वहीत 'मध्ये' सोडून काही नाही. मुलगा हसायचा, "अप्पा, हे काय कादंबरी लिहिताय?" बरोबर होतं त्याचं. काही घडतच नव्हतं. पण जळगावपर्यंतच्या पाऊण तासात ते पिस्टन सिलिंडरमध्ये अंदाजे दोन लाख वेळा खालीवर होतं, आणि प्रत्येक वेळी धातू आणि धातूच्या मध्ये केसाहून पातळ असा ऑईलचा पदर असतो म्हणूनच काही घडत नाही. दोन लाख वेळा काही न घडणं, ही मला आता छोटी गोष्ट वाटत नाही.

मग रस्ता आला. जळगाव–संभाजीनगर रस्ता रुंद करायचा म्हणून उकरला गेला आणि मधली काही वर्षं तो रस्ता नव्हताच. पावसाळ्यात काळ्या मातीचा लगदा, उन्हाळ्यात तिचीच भुकटी. समोरच्या ट्रकमागे दहा मिनिटं गेलं की भुवया पांढऱ्या व्हायच्या. जे भुवयांवर दिसत होतं तेच एअर फिल्टरावर बसत होतं, आणि फिल्टरातून जे निसटत होतं ते आत. मातीतली बारीक वाळू लोखंडाहून टणक. ऑईलमध्ये कालवली की तिची घासायची पेस्ट होते. पिस्टनच्या तीन रिंगांपैकी सगळ्यात खालची ऑईल रिंग. सिलिंडरच्या भिंतीवरचं जादा ऑईल खरवडून खाली ढकलणं हे तिचं काम. ती झिजली की भिंतीवर थोडं जास्त ऑईल उरतं आणि पेट्रोलबरोबर जळतं. एका वेळी किती? मोजता येणार नाही इतकं. गुणिले दोन लाख.

वहीत पहिल्यांदा 'खाली' आलं. पुढच्या रविवारी पुन्हा. गळत नव्हतं, अंगण स्वच्छ, पोतं तर मी कधीच फेकलं होतं. सकाळी गाडी चालू केली आणि मूठ पिळली की मागे निळसर सुस्कारा. तो वास आला आणि क्षणभर मला वाटलं, वडील आले.

आज हजार किलोमीटरला साधारण दोनशे मिली जळतं. हिशेब साधा आहे: नऊशेतून तीन हजार किलोमीटरांत सहाशे गेलं तर बदलायच्या दिवशी आत तीनशेच उरणार, आणि त्याच्या कितीतरी आधी पट्टी कोरडी पडलेली असणार. जो नुसतं बदलतो आणि पाहत नाही, त्याचं इंजिन बदलण्याच्या तारखेच्या वाटेवरच मरतं. ऑईल जळतं याचं मला वाईट वाटत नाही. नव्या गाडीचंही थोडं जळतंच, मॅन्युअलवाले ते धरूनच चालतात. वयाने जिना चढताना धाप लागते, तसं ते. धाप लागणाऱ्याला जिना चढू द्यायचा की नाही, हा प्रश्न वेगळा.

गाडी पंधरा वर्षांची झाली तेव्हा आरटीओत नोंदणी वाढवून आणली, त्यानंतर दर पाच वर्षांनी. किलोमीटरचा काटा एकदा नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णववरून शून्यावर येऊन पुन्हा निघाला आहे. मुलाचं म्हणणं, विकून टाका, नाहीतर पुन्हा बोअर करा. त्याच्याकडे विजेवरची स्कूटर आहे, तिच्यात इंजिनच नाही तर ऑईल कुठलं! चांगली आहे. मी एकदा सवयीने तिच्याजवळ उकिडवा बसलो आणि काय पाहायचं ते न कळून उठलो.

गेल्या आठवड्यात फाट्यावर गेलो. गॅरेज आता मिस्तरींचा पोरगा चालवतो. लॅपटॉपला वायर जोडून नव्या गाड्यांचं दुखणं वाचतो. मिस्तरी निंबाखाली खाटेवर बसलेले असतात. खांद्यावर फडकं मात्र आहे. म्हटलं, "बोअर करून टाकू का हो आता?" त्यांनी पोराला हाक मारली नाही. स्वतः उठले, गाडी डबल स्टँडवर घ्यायला मी हात लावला. इंजिन चालू केलं, बंद केलं. दोन-तीन मिनिटं आम्ही दोघं काही न बोलता बसलो. जळगावची एसटी आली, माणसं उतरली, गेली.

त्यांनी चाचपडत झाकण फिरवलं. पट्टी काढली, पुसली, टेकवली, पुन्हा काढली. उन्हाकडे धरली, मग जवळ आणली, मग लांब. मग माझ्या हातात दिली.

"गुरुजी, तुम्हीच पाह्या. मले रेघ नाही दिसत आता. डाक्टर म्हने मोतीबिंदू पिकला."

मी पाहिलं. खालच्या रेघेच्या जरा वर.

"किती?"

"मध्ये आहे. पण खालच्या अंगाला."

त्यांनी अंगठ्याने बोटाच्या टोकावरचं ऑईल घासलं, नाकाशी नेलं. "माती नाही. पेट्रोल नाही. नुसतं जयतं." खाटेखालून अर्धी बाटली काढून माझ्यापुढे धरली. "बोअर काह्याले? टाका शंभर मिली. आनि पुढच्या रविवारी पाह्याले या."

मी ओतू लागलो. धार बारीक होती. ते तिच्याकडे पाहत नव्हते, कान देऊन बसले होते.